सोडलेलं दार

केदारखेड्यात पुंजाराम दोन गोष्टींवरून ओळखला जायचा. एक म्हणजे त्याच्या उजव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं. दुसरं म्हणजे त्याची बायको जिवंत असून घरात नव्हती. बोटाचं कुणाला फारसं काही वाटायचं नाही. जालन्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या हंगामात कामाला जाणाऱ्यांपैकी एखाद्याचं बोट कमी असायचंच. बायकोचं मात्र तसं नव्हतं. ती मेली असती तर गावानं चार दिवस हळहळून विषय सोडला असता, पळून गेली असती तर चार वर्षं चघळला असता. ही सांगून सवरून, रांजण भरून, दिराच्या घरी किल्ली देऊन गेली होती. काळी वस्त्रं नेसून मानभावांत गेली होती. याचं काय करायचं ते गावाला कळेना, म्हणून गाव पुंजारामाकडं बघून हसायचं.

मानभाव म्हणजे महानुभाव पंथाची माणसं. त्या काळात, म्हणजे निजामाच्या राज्यात फसली तेराशे चाळीसच्या आगंमागं, आपल्याकडं त्यांचं नाव घेताना लोकांची तोंडं वाकडी व्हायची. बाई असो की बाप्या, डोकं भादरलेलं, अंगावर काळं कापड, हातात झोळी. शेंदराच्या देवाला हात जोडायचे नाहीत, कृष्णाशिवाय दुसरं नाव घ्यायचं नाही. त्यांच्या जुन्या पोथ्या तर म्हणे वेगळ्याच अक्षरांत लिहिलेल्या. आपल्याला जे वाचता येत नाही त्यात आपल्याविरुद्धच काहीतरी लिहिलेलं असणार, अशी लोकांची पक्की खात्री असते.

पुंजारामाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दिवाळी झाली की तो जालन्याला जिनात जायचा तो थेट चैत्रात परत यायचा. उरलेले महिने धाकट्या भावाबरोबर, मच्छिंद्रबरोबर, शेतात. तो वाईट नवरा नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता. बोलतही नव्हता. सोनूबाईनं वाढलेलं खायचं, ताट सरकवायचं, बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. घरात दोन माणसं आहेत हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं, एवढंच.

एका वर्षी मानभावांच्या सातआठ बाया गावाबाहेर आमराईत पाच दिवस उतरल्या. सोनूबाई निरूपण ऐकायला गेली आणि पाचही दिवस जात राहिली. पुढं नवरात्र आलं. घरची कुलदेवी पिंपळगावची रेणुकाई. सगळं घर बैलगाडीत बसलं आणि सोनूबाई दारातच उभी. "मी न्हाई येत," म्हणाली. मच्छिंद्रच्या बायकोनं, तुळजाबाईनं, गाडीतूनच कपाळावर हात मारून घेतला. पुंजारामानं बैलांना हाकलं.

दिवाळीनंतर तो जालन्याला निघाला, गाठोडं बांधत होता, तेव्हा सोनूबाई मागं येऊन उभी राहिली.

"मी म्हणते, त्या बायांसंगं जावं म्हणते. कायमचं."

पुंजारामानं गाठ आवळली. "जा की. तुला कुणी धरलंय?"

"खरंच जाऊ?"

"येकदा सांगितलं न्हवं?"

बायका रागाच्या भरात असं काहीतरी म्हणतात आणि मग विसरतात, अशी त्याची समजूत. सोनूबाई रागात नव्हती हे त्यानं मान वर करून बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं. पंधरा दिवसांनी मच्छिंद्र जिनाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. "वहिनी गेल्या," एवढंच बोलला. मेली असंच पुंजारामाला आधी वाटलं. खरं कळल्यावर त्याला त्याहून जास्त लागलं, आणि लागलं याचीच लाज वाटली.

तो तसाच मठात गेला. पूर्णा नदीच्या पलीकडं, केदारखेड्यापासून दोन कोसांवर एका वाडीला मातीच्या भिंतींचा, गवताच्या छपराचा मठ होता. तिथं सातआठ साधू राहायचे, त्यांत सारंगधरबाबा सगळ्यांत म्हातारे. पुंजाराम दारातूनच शिव्या देत आत शिरला. म्हातारा उठला, हात जोडून वाकला आणि "दंडवत प्रणाम" म्हणाला. पुंजारामापुढं जन्मात कुणी वाकलं नव्हतं. पुढची शिवी घशातच राहिली.

"माझी बायको कुठं हाये?"

"बायांच्या समुदायासंगं वऱ्हाडात गेली, बाबा. ती सांगत आल्ती, घरातून परवानगी हाये म्हणून. तू जा म्हणाल्तास का न्हाई?"

पुंजारामानं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण समोरचा माणूस इतका शांत होता की खोटं बोलायची सोयच उरली नाही. "म्हणाल्तो," तो म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गावाला काय, गावाची गोष्ट तयारच होती. मानभावांनी बाईवर करणी केली, अंगारा चारला, तिथं रात्री भलतंच चालतं. तुळजाबाईनं तर दुसरी बायकोही हेरून ठेवली होती. पुंजाराम सगळं ऐकून घ्यायचा. करणी केली हे त्याला पटावंसं वाटायचं, कारण करणी असेल तर दोष त्याचा नव्हता. रिकाम्या घरात चूल पेटवायचा, एक भाकर थापायचा, आणि त्याच्या मनात एकच प्रश्न घोळायचा. माझ्यात असं काय वाईट होतं? मारलं असतं तर सांगता आलं असतं. नऊ वर्षं या बाईनं माझ्या हाताखाली काढली, आणि जाताना तिला माझं काहीच वाटलं नसेल?

हा प्रश्न त्यानं एकाच माणसाला बोलून दाखवला. फकरोद्दीन जिनात त्याच्या शेजारच्या यंत्रावर असायचा. बोट गेलं त्या दिवशी यानंच आपल्या डोक्याचा रुमाल सोडून हात बांधला होता. फकरोद्दीननं बिडी विझवली आणि म्हणाला,

"दुरून बघून काय समजते, पुंजाराम? मोहरमात आमच्या ताबुताच्या डोल्याला तू पाच साल कडेला उभा राहून बघून राह्यला. तुला निस्ता ढोल ऐकू आला. सहाव्या साली खांदा दिला, तवा बिलकुल लेकरावानी रडला. रडला का न्हाई?"

"रडलो."

"मंग? जा तिथं. जीन बंद झाली की चार महिने राह्य त्यांच्यात. ते खातात ते खा, ते उठतात तवा उठ. मंग शिव्या द्यायच्या तर बराबर जागी देशील."

पुंजारामाला हे पटलं ते शिव्यांमुळं. आत शिरून लबाडी पकडायची, असं ठरवून आषाढात तो घोंगडं खांद्यावर टाकून मठात हजर झाला. मच्छिंद्रला वाटलं, दादाही गेला. गाव वेशीवर उभं राहून हसलं.

"मला बघायचं हाये," तो सारंगधरबाबांना म्हणाला.

"काय?"

"तुमच्यात काय हाये ते."

म्हातारा तोंडभर हसला. "बघ आन मलाबी सांग. मला चाळीस सालं झाली, मी अजून बघूनच राह्यलो."

त्यानं बघायला सुरुवात केली. पहाटे उठणं, पाणी दोनदोनदा गाळणं. किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणं, हिरवी काडी न मोडणं. जो समोर येईल त्याला दंडवत घालणं, मग तो महंत असो की कालचा आलेला. तो पोथीच्या वेळी मागं बसायचा. डुलक्या यायच्या. पहिल्या पंधरा दिवसांत त्यानं सगळ्या खोल्या धुंडाळल्या. करणी सापडली नाही, अंगारा सापडला नाही. सापडले ते पाण्याचे माठ, जुन्या पोथ्या आणि एका साधूच्या उशाखाली लपवलेला गुळाचा खडा. गुळाच्या खड्यानं त्याला मोठा आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी त्या साधूनं स्वतःच सगळ्यांपुढं ते कबूल केलं आणि खडा गाईला घातला. पुंजारामाचा आनंद तिथंच संपला.

जेवणानं मात्र त्याला हैराण केलं. भिक्षेत आलेलं सगळं एकत्र कालवायचं. ज्वारीची भाकर, ताक, वरण, कुणी दिलेला शिळा भात, कुणाच्या सणाची पुरणपोळी, सगळं एका लाकडी पात्रात. आंबट, तिखट, गोड, सगळं एक. पहिल्या दिवशी त्यानं पात्र बाजूला सरकवलं.

"हे असं कशाला, बाबा?"

"जिभंला घर सापडलं की पाय आपोआप तिकडं वळतात," बाबा म्हणाले आणि बोटं चाटून मोकळे झाले.

श्रावणात बाबांचे गुडघे धरले. दीक्षा घेतल्याशिवाय स्वतःची झोळी मिळत नाही. पण बाबा म्हणाले, "माझी झोळी घे, माझ्यासाठी मागून आण. बघायला आलास ना? दारात उभं राह्यल्याबिगर काय दिसणार?" या मठाची रीत अशी होती : हाक मारायची नाही. दारापुढं उभं राहून मनातल्या मनात दहा वेळा नाम घ्यायचं. तेवढ्यात कुणी आलं तर झोळी पुढं करायची, नाही आलं तर पुढचं दार. देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. बघायचं ते फक्त झोळीकडं आणि हाताकडं.

पलीकडच्या गावात पहिल्या दिवशी पुंजारामाला एकही घर धड दिसलं नाही, इतकी शरम वाटली. एका दारातून त्याच्यावर खरकटं पाणी आलं. चौथ्या दारात एक म्हातारी होती. गोजरबाई तिचं नाव. लेक हैदराबादला पलटणीत, घरात ती एकटी. तिनं झोळीत भाकर घातली, वर पळसाच्या पानात गरम पिठलं ठेवलं, आणि विचारलं,

"लेकरा, बोट कशानं गेलं रे?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. पुंजाराम दारात उभा राहून सांगत बसला. डुलकी लागली, हात आत गेला, फकरोद्दीननं रुमाल बांधला, नंतर किती दिवस नसलेलं बोट खाजायचं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "फार दुखलं आसंल," म्हणाली. मठाकडं परतताना तो चक्क गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी पिठलं, तिसऱ्या दिवशी पिठलं. चौथ्या दिवशी तो पहिली तीन दारं टाळून थेट गोजरबाईकडं गेला. परतल्यावर सारंगधरबाबांनी पात्रात बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं.

"तुझ्या पायांना आता रस्ता पुसावा लागत न्हाई वाटतं. उद्यापास्नं ते दार सोड."

"का? म्हातारी मायेनं देती."

"म्हणूनच. मन जिथं अडकलं ते दार सोडायचं. ही आपली रीत हाये."

"तिला काय वाटंल?"

"वाईट वाटंल."

"मंग?"

"तुला बघायचं हाये म्हणाल्तास ना? हे बी बघ."

पुंजारामाला म्हाताऱ्याचा असा राग आला की झोळी फेकून घरी जावं. गेला नाही, कारण घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गोजरबाईच्या गल्लीत शिरला. ती पानात पिठलं घेऊन उंबऱ्यावर उभीच होती. तो खाली मान घालून तिच्या दारावरून पुढं गेला.

"लेकरा, माझं दार राह्यलं!" ती म्हणाली. मग दोन पावलं त्याच्या मागं आली. "काय चुकलं रे माझं?"

तो पुढच्या दारापुढं उभा राहिला आणि दहा नावं मोजू लागला. तिसऱ्यावरच मोजणी चुकली. मागं वळून सांगावं, माय, तुझं काही चुकलं नाही, तुझ्याच दारात माझा जीव गुंतलाय. पण हे कसं सांगतात ते त्याला येत नव्हतं. त्या दिवशी तो पूर्णेच्या काठावर बसून ढसाढसा रडला. बोट गेलं तेव्हाही असा रडला नव्हता.

तोवर त्याला एवढंच ठाऊक होतं की माणूस दार सोडतो ते विटून. मठात आल्यावर त्यानं बाबांना गाठलं.

"बाबा, सोडलेल्या दाराचा राग आसतो का?"

"राग आसता तर सोडाया कशाला लागलं आसतं? ज्या दाराचं काहीच वाटत न्हाई तिथं रोज जाता येतं."

"मंग सोनूबाईनं माझं दार सोडलं, ते..."

"ते मला ठावं न्हाई," बाबा लगेच म्हणाले. "कुणी विटून जातं, कुणी देवासाठी जातं, कुणाचं आणखी काही आसतं. तिचं तिला ठावं. मी उगीच गोड बोलू काय?"

"ती कधी माझ्या दारात आली तर?"

"आपल्या गावच्या शिवंत आपल्याला भिक्षा न्हाई. ती तुझ्या गावात यायची न्हाई. बाकी दार म्हंजी दार. नवऱ्याचं आसो, परक्याचं आसो. दोन्ही सारखी वाटली तर ती घेईल आन पुढं जाईल. सारखी वाटली न्हाईत तर सोडंल."

भादव्यात बाबांनी त्याला विजनाला पाठवलं. विजन म्हणजे माणसांपासून लांब, एखाद्या झाडाखाली दिवसभर एकट्यानं बसून देवाचं स्मरण करायचं. पुंजाराम नदीकाठच्या बाभळीखाली बसला. देव काही आठवेना. गुरं गेली, ऊन चढलं, सावली सरकली. बोलायला कुणी नाही, करायला काही नाही. दुपारपर्यंत त्याला वेड लागायची पाळी आली. आणि मग त्याला सोनूबाई आठवली. मागच्या दारी उंबऱ्यावर, निवडायचं संपलेलं सूप मांडीवर घेऊन, समोर बघत बसलेली. ती अशी रोज बसायची. कार्तिक ते चैत्र, एकटी. वैशाख ते अश्विन, तो ओट्यावर असताना, तेव्हाही एकटीच. तो आत डोकावून "काय बघती?" असंही कधी म्हणाला नव्हता. तिनं नऊ वर्षं विजनच केलं होतं, फक्त त्याच्या घरात त्याला नाव नव्हतं. इथं होतं, आणि संध्याकाळी परतल्यावर वाकून दंडवत घालणारी माणसं होती. पुंजारामाला फार वाईट वाटलं. स्वतःची इतकी कीव आणि इतकी चीड त्याला एकदम कधी आली नव्हती.

कार्तिकात तो निघाला. बाबांनी विचारलं, "मंग, दीक्षा?"

"न्हाई. मला देव न्हाई दिसला, बाबा."

"काय दिसलं?"

"माझं घर दिसलं."

बाबा वाकले, तोही वाकला. आता त्याला ते जमायला लागलं होतं.

गावात आल्यावर पारावर लोक जमले. आत काय चालतं ते ऐकायला सगळे आतुर. पुंजाराम म्हणाला, "पाणी गाळून पितात. सगळं कालवून खातात. येकमेकांच्या पाया पडतात." "आन?" "आन काही न्हाई." लोकांचा मोठा हिरमोड झाला. तो फितला, असं ठरलं. शेजारी त्याच्याकडून विस्तव घेईनासे झाले. मठात तो दीक्षा न घेतलेला, गावात बाटलेला, आणि घरात एकटा. तुळजाबाईनं हेरलेली बायको त्यानं नाकारली. फकरोद्दीनला मात्र त्यानं सगळं सांगितलं, पिठल्यासकट. फकरोद्दीननं विचारलं, "मंग आता शिव्या कुणाला देतो?" पुंजारामानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

आता त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. ती विटून गेली, की तिचाही जीव थोडा अडकला होता? विचारता येत नव्हतं. ती केदारखेड्याच्या शिवेत येणार नव्हती. पण सारंगधरबाबांच्या बोलण्यात एकदा येऊन गेलं होतं की बायांचा तो समुदाय कधीमधी माघात पैठणकडं जाताना अंबडच्या बाजूला, अंतरवाली सराटीला पाच दिवस मुक्काम करतो. फकरोद्दीनचा साडू सिराजोद्दीन याची तिथं शेती होती आणि त्याला एक भरवशाचा माणूस हवा होता. पुंजारामानं वाट्याची जमीन मच्छिंद्रच्या हवाली केली आणि अंतरवालीला एका खणाच्या घरात जाऊन राहिला. कशासाठी, ते सिराजोद्दीनला सांगितलं नाही. शेजारच्या पुष्पाबाईला तर नाहीच नाही. या बाईच्या कानावर घातलेलं संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोचायचं.

पहिल्या माघात कुणी आलं नाही. दुसऱ्या माघात बाया आल्या, पण त्यांत ती नव्हती. पुंजाराम सगळ्यांना भाकर वाढायचा. पुष्पाबाई म्हणायची, "भाऊ, हंगामाच्या येळी शेत सोडून दारात काय उभे राहता?" तो म्हणायचा, "पुण्य करून राह्यलो."

तिसऱ्या माघात आठ जणी आल्या. सकाळी गल्लीत एकीला त्यानं लांबूनच बघितलं आणि तो आत सरकला. डोकं भादरलेलं, काळ्या वस्त्रात कोण कशी ओळखणार. ती दारापुढं आली तेव्हा त्यानं पायांकडं बघितलं. डाव्या घोट्यावर भाजल्याचा पांढरा डाग होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं होतं, आणि तो "जपून करावं" एवढंच म्हणाला होता. फार दुखलं का, असं विचारलं नव्हतं.

त्यानं उपरणं हातावर गुंडाळलं, चार बोटं झाकून टाकली आणि भाकर झोळीत ठेवली. तिनं मान वर केली नाही. तिनं वाकून दंडवत घातला आणि पुष्पाबाईच्या दारापुढं जाऊन उभी राहिली. तिचं तिला मिळालं होतं. याचं याला काही मिळालं नव्हतं.

दिवसभर तो शेतात स्वतःशी भांडत राहिला. हात झाकला ते बरं केलं, तिची वाट का अडवायची? आणि हात झाकला म्हणून आता मरेपर्यंत कळायचं नाही. ती चालली आहे ती तिच्या बळावर, एका हातानं मोडायची नाही, असं शेवटी त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याच्यानं राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं उपरणं खुंटीवर ठेवलं. ती आली. त्यानं उघड्या उजव्या हातानं, चार बोटांच्या हातानं, भाकर सावकाश झोळीत ठेवली आणि हात क्षणभर तिथंच राहू दिला. झोळी हलली नाही. मान वर झाली नाही. तिनं कालच्यासारखाच दंडवत घातला आणि कालच्यासारखीच शेजारच्या दारी गेली. पुंजाराम चौकटीला टेकला. दार म्हंजी दार, बाबा म्हणाले होते. नवऱ्याचं काय आणि पुष्पाबाईचं काय, तिला सारखंच होतं. म्हणजे केदारखेड्याच्या घरातून जाताना तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी भाकर थापायची नाही असं ठरवून त्यानं भाकर थापली. दारात उभा राहिला. ती गल्लीत शिरली. पहिल्या घरापुढं थांबली, भिक्षा घेतली. दुसऱ्या घरापुढं थांबली. मग त्याचं घर आलं. ती थांबली नाही. तीच चाल, तीच खाली घातलेली मान, आणि ती त्याच्या दारावरून पुढं निघून गेली. पुष्पाबाईच्या दारापुढं जाऊन उभी राहिली.

पुष्पाबाई भाकर घेऊन बाहेर आली होती. तिला कुठलं राहवतंय. "अवो बाई, हे दार राह्यलं की! भाऊ कवाचे भाकर घेऊन उभे हायेत!"

सोनूबाईनं झोळी पुढं धरली. तिची पाठ पुंजारामाकडं होती. त्याला एवढंच दिसलं की ती त्या दारापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. भाकर मिळाली तरी उभीच होती, जणू मोजायचं राहिलं होतं. मग ती पुढं गेली.

पुष्पाबाई त्याच्याकडं वळली. "काय वो भाऊ, काल तर घेतली तुमची भाकर. काय चुकलं तुमचं?"

पुंजारामाच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तो हसत होता. हा माणूस हसतो हे पुष्पाबाईनं पहिल्यांदाच बघितलं.

"न्हाई वो, पुष्पाबाई," तो म्हणाला. "माझं काही चुकलं न्हाई."

तो उंबऱ्यावर बसला आणि ती भाकर त्यानं कोरडीच खाल्ली. बाया आणखी दोन दिवस मुक्कामाला होत्या. दोन्ही दिवस त्यानं भाकर थापली आणि वेळेवर दारात जाऊन उभा राहिला. दोन्ही दिवस ती त्याचं दार सोडून गेली.